हिराकाकीच्या पाटावर कॉम्प्युटर

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, आणि हे लिहितोय म्हणून उद्यापासून ठेवणारही नाही. असले किस्से सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर वेड्यात काढलंय. एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे मी. मीटर खोटं दाखवत असेल तर ते का, हे शोधायचाच मला पगार मिळतो. तेव्हा ज्यांना खाली कमेंटमध्ये "दादा, वायरिंग चेक करा" असं लिहायची खाज आहे, त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं. वायरिंग मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा चेक केलंय.

थळला आमचं घर, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. सुंदराआत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहते. आत्या धवलारीण. बाहेरच्यांसाठी सांगतो — आमच्यात लग्न लागतं ते धवल्यावर, म्हणजे लग्नविधीच्या गाण्यावर. धवलारीण तो गाते आणि गाता गाता विधी करून घेते. सगळं तोंडपाठ, कुठे एक अक्षर लिहिलेलं नाही. तर या आत्याच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनला पर्याय नाही, पण नंतर आवाज राहील असं धरून चालू नका.

घरात रडारड सुरू झाली. मला रडारडीचा रागच येतो. मी ठरवलं, ऑपरेशनच्या आधी आत्याचा अख्खा धवला रेकॉर्ड करायचा. लग्नांचे व्हिडिओ होते म्हणा, पण त्यात डीजे ऐकू येतो, आत्या नाही. माझा लॅपटॉप रेकॉर्डिंगला लावला की मिक्सरसारखा घरघरायचा, म्हणून कॉम्प्युटर स्वतःच जोडायला घेतला.

एकेक पार्ट शांतता बघून निवडला. ग्राफिक्स कार्ड घेतलंच नाही — गेम खेळायचे नव्हते, आणि त्याचा पंखा फुकटचा बोंबलतो. प्रोसेसर कमी तापणारा, त्यावर भलंमोठं हीटसिंक, हळू फिरणारे दोन मोठे पंखे, आतून फोम लावलेलं कॅबिनेट, साठवणीला नवी कोरी एसएसडी. दुकानदार सारखा म्हणत होता, "लाइटवाले पंखे घ्या, भारी दिसतात." त्याला म्हटलं, मला कॉम्प्युटर हळदीत नाचवायचा नाहीये. आमच्या खाऱ्या हवेत पिना बघता बघता हिरव्या पडतात, म्हणून पॉवर सप्लाय चांगल्यातला घेतला, अर्थिंग नव्याने काढलं. सुरू केल्यावर तो चालू आहे हे फक्त दिव्यावरून कळत होतं. इतकं चोख काम माझ्या हातून क्वचितच झालंय.

ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी, दुपारी दोन वाजता, मागच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावून मी तयार होतो. आत्या आली ती दिवा, तांदूळ आणि दोन पाट घेऊन.

"दोन पाट कशाला गो?" मी विचारलं.

"एक हिराचा. जोडीदारीन मेली का तिचा पाट रिकामा मांडाचा. मंगच धवला गायाचा."

"तिच्याशी बोलत न्हवतीस ना तू?"

"भांडान भांडनाचे जागी, पाट पाटाचे जागी."

ही हिराकाकी कोण ते सांगायला हवं. धवला दोघींनी गायचा असतो. एक ओळ उचलते, दुसरी मागून धरते. तीस वर्षं आत्या उचलायची आणि हिराकाकी धरायची. मग एका लग्नात हिराकाकीने आधी ओळ उचलली. आत्याने भर मांडवात तिचा पाट पायाने मागे सरकवला आणि "मागं बस" म्हणाली. त्यानंतर दोघींनी एकमेकींचं तोंड बघितलं नाही. दोन वर्षांपूर्वी हिराकाकी वारली. शंभर पावलांवर घर, पण आत्या दारात गेली नाही.

आत्या देव्हाऱ्यापाशी गेली तेवढ्यात मी घाई केली. फरशी दमट होती, नवं कॅबिनेट खाली ठेवायला जीव होईना. समोर रिकामा पाट होता. ठेवलं त्यावर.

रेकॉर्डिंग सुरू केलं. दोघांच्याही कानांवर हेडफोन. तिसऱ्या ओळीला आत्या थांबली.

"ही कोन गाते?"

मलाही ऐकू येत होतं. नाकातला बारीक आवाज, शब्द तेच... पण आत्याच्या आधी! आता नीट वाचा. यंत्रात बिघाड असला की आवाज उशिरा येतो. प्रतिध्वनी उशिरा, कॉम्प्युटर अडखळला तर उशिरा, साउंडचा ड्रायव्हर बिघडला तरी उशिराच. जी ओळ अजून कुणी गायलीच नाही ती आधी ऐकवणारं यंत्र जगात नाही. माइक एक, ट्रॅक एक, आणि एसएसडीवर त्या दुपारच्या आधीचा आत्याचा एक शब्दही नव्हता.

मी केबल बदलली, माइक बदलला, वायफाय बंद केलं, सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. आत्या माझ्याकडे बघतच नव्हती.

"त्या पाटाव काय ठेवलास र?"

"फरशी वली हाय, आत्या."

"काढ आधी."

"समद्या वायरी निंघतील! उद्या तुना ॲडमिट व्हाचाय, टाइम हाय कुठं?"

नाही काढला मी. वर तिच्यावर आवाज चढवला. आयुष्यात ज्या गोष्टींची लाज वाटते, त्यांत ही पहिली.

दुसऱ्या वेळी तो आवाज आत्यापेक्षा मोठा होता. ओळ संपवून थांबायचा, आत्याची वाट बघायचा — मंद पोराला शिकवावं तसा. आत्या घामाने भिजली. मला भीती वाटण्याआधी संताप आला, कारण तो आवाज तिला मुद्दाम हिणवत होता. तोही तिच्या तोंडावर.

तिसऱ्यांदा मी बटण दाबलं. आत्या गायलीच नाही. ती कॅबिनेटकडे वळली आणि ओरडली, "मागं बस म्हनलेलं ना तुना, हिरे? मरूनशी पन अक्कल न्हाय आली? गप बस, सटवे!"

मग डोळे मिटून तिने पाऊण तास गायलं. अख्खा धवला. मला हेडफोनमध्ये फक्त आत्या ऐकू येत होती. मीटर हिरव्यात, कुठे खरखर नाही. हेडफोन काढून आत्या इतकंच म्हणाली, "पुरा झाला. आता परत न्हाय गायाची."

चहाच्या वेळी सगळ्यांना बसवून मी फाइल लावली. सुरुवातीला आत्याची शिवी, स्वच्छ. मग धवला.

हिराकाकीचा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत फक्त तिचाच आवाज. आत्या कुठेच नाही.

वडिलांनी ओळखला, आईने ओळखला. गल्लीतून जाणारी हिराकाकीची मुलगी दारातच थबकली आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "माझे आयेचा आवाज कुठून चोरलाव?" तिच्या तोंडावर दार आपटावंसं वाटलं मला. माझी आत्या उद्या मुकी होणार आणि ही चोर म्हणते! पण आत्याने हाताने खूण केली, दे तिला. दिली पेन ड्राइव्हमध्ये.

ऑपरेशन झालं. आवाज गेला तो गेलाच.

मी कॉम्प्युटर स्क्रू न्‌ स्क्रू काढून पुन्हा जोडलाय. प्रत्येक पार्ट ठणठणीत आहे. मला कारण सापडलेलं नाही, आणि ज्यांना ते बसल्या जागी सापडेल त्यांचं मला ऐकायचं नाही.

पहिल्या दोन वेळच्या फाइली उघडतच नाहीत. आत्याच्या आवाजाची आमच्याकडे उरली ती फक्त ती शिवी. दुपारी जेवण झालं की आत्या येते, स्क्रीनकडे बोट दाखवते. मी लावतो. ती ऐकते आणि खांदे हलवत हसते, बिनआवाजाचं. मी बटणावर बोट ठेवूनच बसलेलो असतो. "सटवे" म्हटलं की लगेच थांबवतो, पुढची ओळ उचलली जायच्या आत.