पिशवीतले ठोकळे

आपल्याला माल पारखता येतो, असा आमच्या ह्यांचा स्वतःबद्दल मोठा समज होता. महाडच्या एका कारखान्यात ते डब्यांची झाकणं तपासायचे. बसतंय की नाही, गळतंय की नाही, एवढंच काम. पण त्या कामाची सवय घरी घेऊन यायचे. बाजारातली भेंडी असो की माझ्या माहेरचे पाहुणे, शेरा मारल्याशिवाय ह्यांना चैन पडायचं नाही. ह्यांच्या गावाहून, कुडपणहून आलेल्या नाचणीला मात्र कधी नाव ठेवलं नाही, तेवढी अक्कल होती.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आम्ही बिरवाडीत एका खोलीत भाड्यानं राहायचो, भिंतीपलीकडे घरमालक. त्यांच्या मुलीला आखातातल्या मामानं प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा डबा पाठवला होता. एकावर एक दाबले की टक्‌ करून बसायचे, ओढले की अलगद सुटायचे. दिवाळीच्या सुट्टीत ती ओटीवर बसून घरं काय, पूल काय, रोज नवीन बांधायची. आमची सात वर्षांची लेक शेजारी बसून बघायची. हात लावायला गेली की ती म्हणायची, तुझे आण, मग खेळ. आणि माझी पोरगी तशीच बसून राहायची. मला राग यायचा तो आमच्याच पोरीचा. उठून यावं की नाही माणसानं?

बोनस झाला तसे आम्ही तिघं महाडच्या बाजारात गेलो. दुकानदारानं दोन प्रकार काढले. एक खोक्यातला, वर चित्रं छापलेला. त्याची किंमत ऐकून मी समोरच्या कापडाच्या दुकानाकडे बघायला लागले. दुसरा साध्या पिशवीतला, मुंबईहून आलेला, किंमत पाव आणि नग दुप्पट. ह्यांनी पिशवीतला एक ठोकळा काढला, उजेडात धरला, वास घेतला, दाताखाली धरून पाहिला. मग निकाल दिला की माल एकच आहे, खोक्याचे पैसे कशाला भरायचे, खोक्याशी काय खेळायचंय? दुकानदारानं मान डोलावली. तो कशाला नाही म्हणतोय!

घरी येऊन पिशवी रिकामी केली आणि पारख उघडी पडली. निम्मे ठोकळे ढिले. बाकीचे बसायचेच नाहीत, आणि दाबून बसवले तर उपटायला सांडशी लागायची. तरी पोरगी ओंजळभर घेऊन ओटीवर गेली. तिथल्या ठोकळ्यांवर तर एकही बसेना. ती परत आली, पिशवी कोनाड्यात ठेवली आणि पुन्हा तिथंच जाऊन बघत बसली. ह्यांना मी तोंडाला येईल ते बोलले.

ह्यांनी ऐकून घेतलं, पण हार मानतील तर ते कसले! रविवारी उरलेला भात कुस्करून खळ केली, जशी आपण पतंगाला लावतो तशी. एकेक ठोकळा त्या खळीनं चिकटवत दुमजली घर उभं केलं, जिना आणि वर गॅलरीसुद्धा काढली. दिवसभर अंगणात उन्हाला ठेवून कावळे हाकलत बसले. संध्याकाळी ते घर लेकीपुढे ठेवून म्हणाले, "आता हलवून दाखव. पक्कं हाय."

तिनं हलवलं, हललं नाही. मग तिनं वरचा एक ठोकळा ओढून पाहिला. तोही निघाला नाही.

"छान हाय, बाबा," ती म्हणाली. "पण आता मोडायचं कसं?"

घर मोडायलाही लागतं, हे झाकणं तपासणाऱ्या माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सकाळी त्या घराला मुंग्या लागल्या. गॅलरीतून आत, जिन्यानं वर, नुसती रांग. लेकीनं ही बातमी ओटीवर पोचवली असणार, कारण घरमालकांची मुलगी धावत आमच्या खोलीत आली. ती आत आलेली मी पहिल्यांदाच पाहिली. ह्यांची दुसरी पाळी होती, त्यामुळे घरीच होते. घमेल्यात कोमट पाणी ओतून त्यांनी घर बुडवलं. दोघी दोन बाजूंना बसल्या आणि सुटेल तो ठोकळा काडीनं खरवडायला लागल्या. मालकांची मुलगी कोपरापर्यंत भिजली होती आणि खिदळत होती. तिचा डबा तिकडे ओटीवर पडून होता.

हे उंबऱ्यात बसून बघत होते. मग लेकीला म्हणाले, "माल वाईट निघाला गो. मी बघून घेतला, तरी वाईट निघाला."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत आपलं चुकलं असं ह्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं. आता सोडते की काय, चिडवायला मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात लेक मान वर न करता म्हणाली, "मला माहीत होतं. दुकानातच दोन लावून बघितले मी."

"मग तेव्हाच का नाय बोललीस?"

तिनं काडीनं एक शीत काढून टाकलं.

"तू किती खूश होतास."