पोकळ कोपरा

विमानं उभी राहतात ती जमीन लांबून एकसंध दिसते, पण असते काँक्रीटच्या मोठमोठ्या चौकोनांची. त्यांची देखभाल हे माझं काम. रविवारी सकाळी आमचे मुकादम गणपतराव हातोडीने एकेक कोपरा ठोकत चालले होते. एका ठिकाणी रिकाम्या पिंपासारखा आवाज आला.

“साहेब, हा गेला.”

वरून साधा चराही नव्हता. विमानाचं चाक चौकोनाच्या मधोमध असलं की फारसं बिघडत नाही. ते कडेला आलं, की सांध्यातल्या सळ्यांमधून शेजारचा चौकोन थोडं ओझं आपल्यावर घेतो. सळ्या सैल झाल्या, पाणी शिरलं, खालची माती गेली, की कोपरा दर विमानाला एकटाच वाकतो. मग एक दिवस तुटतो.

“सांध्यात परत डांबर भरून घेऊ या?” मी विचारलं.

“भरू की. पाणी अडेल. पण डांबर काय वजन उचलतंय होय?”

माझे वडील चार वर्षं अंथरुणाला खिळलेत. गावी त्यांचं सगळं ताई एकटी करते. मी दर रविवारी फोन करतो, अगदी न चुकता. त्या दुपारीही केला.

“कशी आहेस?”

“मला काय धाड भरलीय? बरी आहे.”

सकाळचा तो पोकळ आवाज मी ओळखला. आणि ‘बरं, काळजी घे’ म्हणून फोन ठेवला.