अकराचा मिस कॉल

नूतनचे वडील भाईदास, तिचे आबा, यांनी सुरतेत चाळीस वर्षं लूमवर काढली आणि बदल्यात दोन्ही कान देऊन टाकले. त्यामुळे फोनवर बोलणं त्यांच्या काही कामाचं नव्हतं. आई गेल्यावर बापलेकीनं आपला मार्ग काढला. साडेदहाला आबांनी इन्सुलिन टोचायचं, लगेच झाकून ठेवलेलं ताट खायचं आणि अकराला एक मिस कॉल द्यायचा. एक रिंग, की कट. म्हणजे जेवलो. सव्वाअकरापर्यंत तो आला नाही, तर नूतन समोरच्या सुवर्णाताईला फोन करी आणि ती दार उघडून बघून येई.

नूतन सुरतेतल्याच पर्वत पाटियाच्या एका ऑफिसात साड्यांची डिझाईनं करते. छपाईसाठी चित्रातला एकेक रंग वेगळा काढायचं काम. डोळे फुटायची वेळ येते, पण तिला ते आवडतं. आठ वर्षं ती काम करता करता अकराची वाट बघत आली, आणि कोणाला कळलंही नाही.

मग ऑफिसचे मालक बन्सीलालशेठना कुठूनसं नवं सॉफ्टवेअर सापडलं. साडेदहा ते बारा सगळे कॉम्प्युटर गप्प. मेसेज नाही, मेल नाही, कॉम्प्युटरला जोडलेला आपला मोबाईलसुद्धा वाजायचा नाही. फक्त एकाच नंबरवरून तीन मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला, तर तेवढा आत सोडायचा. मध्येच कोणी शांतता मोडली, की भिंतीवरच्या पडद्यावर त्याचं नाव लाल. "घर की बात घर पर," शेठ म्हणाले. त्यांचा स्वतःचा फोन मात्र दिवसभर खणखणत असायचा, ही गोष्ट वेगळी.

नूतननं घरी आबांच्या कानाशी तोंड नेऊन तीनतीनदा सांगितलं. "अकराले रोजनासारखा दे. पण काही व्हयनं, तर लागोपाठ दोनदा!" आबांनी मान हलवली. ते नेहमीच मान हलवतात.

पहिले दोन दिवस कसे गेले, ते तिचं तिला ठाऊक. स्क्रीनच्या कोपऱ्यात नुसता आकडा दिसे. थांबवलेले : सात. त्या सातांत आबा आहेत की नाहीत, हे बाराशिवाय कळणार नाही. आलेला मिस कॉल आणि न आलेला मिस कॉल, दोन्ही सारखेच गप्प. तिची नजर सारखी घड्याळाकडे जायची, आणि पडद्यावर नाव मात्र हिरवंगार.

तिसऱ्या दिवशी तिनं मोराच्या पिसाऱ्यात लाल भरला. आठ वर्षांत अशी चूक झाली नव्हती. घड्याळात अकरा वीस. लूमवर मशीन गप्प झालं की आबा हातातला चहा टाकून धावत. कुठंतरी धागा तुटलेला असायचाच. आणि आपण काय करतोय? गप्प बसून रंग भरतोय. तिला स्वतःचाच राग आला. तिनं बटण दाबून शांतता मोडली.

भिंतीवर नाव लाल झालं. फोनवर यादी उघडली. आबा, दहा अठ्ठावन्न. आबा, अकरा चार. आबा, अकरा दहा. त्यानंतर काहीच नाही.

"सुवर्णाताई, आबाकडे धाव! साखर लईसन जाय!"

रिक्षात तिला रडूही येईना. नवागामच्या आपल्या खोलीत ती पोचली तेव्हा आबा भिंतीला टेकून बसले होते. सदरा घामानं भिजलेला, ओठांना साखर चिकटलेली. सुवर्णाताई ताटातला भात कालवून भरवत होती. इंजेक्शन टोचून आबा न जेवताच क्षणभर आडवे झाले, तर डोळा लागला. जाग आली ती हातपाय थरथरतच.

"आबा, लागोपाठ दोनदा सांगेल व्हतं ना?" ती कानाशी ओरडली.

"ध्यानमा व्हतं," आबा म्हणाले. "पण तू काममा व्हतीस ना, माय. म्हणीसन मी दम धरीसन दुसरा लावा." मग त्यांनी विचारलं, "तुन्हं काम अडनं का?"

तेव्हा तिला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं रीतच बदलली. आता जेवण झालं की लागोपाठ दोनदा, रोज. पहिला सॉफ्टवेअर गिळेल, दुसरा वाजेल. नाही वाजला, तर ती थेट घरी येणार.

"तुन्हा शेठ बोलीन ना," आबा कचरले.

"बोलू दे त्याले."

अकरा वाजले. अकरा तीन. अकरा पाच. नूतननं चप्पल पायात सरकवली, पर्स खांद्याला लावली आणि उभी राहिली. शेठनी काचेतून बघितलं. तेवढ्यात त्या चिडीचूप खोलीत तिचा फोन एकदा मोठ्यानं वाजला आणि कट झाला. सगळ्यांच्या माना वळल्या.

नूतननं फोन उचलला नाही. पर्स खाली ठेवली, बसली, आणि मोराचा निळा वेगळा काढायला घेतला.