सासऱ्यांशी बोलायची भाषा

लग्न ठरलं तेव्हा माझं भाषाशास्त्राच्या एम.ए.चं पहिलं वर्ष संपत आलं होतं. बैठकीत वडिलांनी दुसऱ्या वर्षाचं विचारलं, तर मुलाकडच्यांकडून उत्तर आलं, "पुढचं पुढं पाहू." लग्नाच्या बैठकीत या वाक्याचा अर्थ काय होतो ते शेंबड्या पोरालाही कळतं. माझे वडील मात्र खुशीत घरी आले.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. शहराच्या टोकाला, हुडकेश्वरकडे, तेव्हा घरांपेक्षा शेतंच जास्त होती, आणि त्यातलंच एक घर आमचं. सासरे शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. माणूस विद्वान, पण कुही गावाकडच्या आपल्या घराण्याची रीत त्यांनी शहरात आणूनही तशीच ठेवली होती. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही; सुनेनं तर त्यांच्यापुढे तोंडच उघडायचं नाही. मी वाढायला समोर उभी असायची आणि ते सासूबाईंना म्हणायचे, "तिले सांग, भाजीत मीठ कमी हाय." मग सासूबाई माझ्याकडे वळून तेच पुन्हा सांगायच्या. जणू मी बहिरी.

माझा जीव दुसऱ्या वर्षात अडकला होता. नवऱ्याच्या मागे लागून लागून मी त्याला एकदाचं वडिलांना विचारायला लावलं. तो हात हलवत परत आला. सासरे म्हणाले होते, "ज्याले शिकायचं हाय त्यानं विचारावं." घ्या! विचारायचं मी, आणि बोलायची बंदी मलाच. सासूबाईंनी निरोप न्यायला साफ नकार दिला. "मिठामिरचीचं सांगीन. हे नाई सांगत. तू कॉलेजात गेली तं पोळ्या कोण करन वं?"

तोवर मन रमवायला मी एक भाषा करत होते. पहिल्या वर्षी सरांनी गंमत म्हणून दिलेला तो अभ्यास. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या ज्या जुन्या भाषेच्या लेकी मानतात, तिला आणखी एक लेक असती तर ती कशी बोलली असती ते शोधायचं. आईचे शब्द घ्यायचे आणि उच्चार बदलण्याचे नियम आपणच करायचे. पण एकदा नियम केला की तो सगळ्या शब्दांना लावायचा, लाडक्या शब्दाला सूट नाही. आणि ज्या क्रमानं नियम आले त्याच क्रमानं लावायचे. वर्गातल्या इतरांनी तो मार्कांपुरता केला, मला मात्र वेड लागलं. माहेराहून आणलेल्या सामानात तेवढी एकच गोष्ट अशी होती जी सासरी कुणी उघडून पाहिली नव्हती. तांदूळ निवडताना, कणीक मळताना मी नियम आणि शब्द पुटपुटत बसायची.

सासरे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत. एक दिवस सासूबाई गोंधळलेल्या चेहऱ्यानं स्वयंपाकघरात आल्या. "ते म्हणून राहिले, तुह्या पाण्याचा उ आधी गळाले पायजे होता. घागर तं साबूत हाय. काय गळून राहिलं वं?"

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. पाण्याचा मूळ शब्द मी 'उदोर' धरला होता. माझा पहिला नियम, सुरुवातीचा ऱ्हस्व स्वर गळतो. दुसरा, सुरुवातीच्या द चा त होतो. तिसरा, दोन स्वरांमधला द नाहीसा होतो. मी घाईत तिसरा नियम आधी लावून 'ओर' म्हणत बसले होते. क्रमानं गेलं तर आधी उ जातो, मग द सुरुवातीला येऊन त्याचा त होतो. शब्द होतो 'तोर'. सासऱ्यांचं बरोबर होतं. इतके दिवस पेपरामागून ते सगळं ऐकत होते तर! मला राग यायला हवा होता, पण मला इतका आनंद झाला की पोळी करपली.

मग रोजच सुरू झालं. तिकडून आक्षेप यायचा, इकडून खुलासा जायचा, आणि मधे बिचाऱ्या सासूबाई. त्यांनी आठवडाभर सोसलं. मग एका दुपारी त्या दोन्ही खोल्यांच्या मधे उभ्या राहून ओरडल्या, "तुमची भुताची भाषा तुम्हीच बोला! मी काय पोस्टमन हाय?"

दुसऱ्या दिवशी सासरे उन्हातून आले, खुर्चीवर टेकले आणि भिंतीकडे पाहत म्हणाले, "तोर."

मी पाणी नेऊन दिलं. आम्ही दोघांनीही सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "हे काई बोलणं नाई. यात मराठी कुठी हाय?" रीतही राहिली आणि त्यांचे हेलपाटेही वाचले. त्यानंतर सासरे मला आग, दूध, गाय असं काय काय मागू लागले. गाय आमच्याकडे नव्हती, पण त्यांना शब्द ऐकायचा असायचा.

बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरायची मुदत जवळ आली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की विचारायला माझ्याकडे भाषा आहे. फक्त तिच्यात परीक्षेला शब्द नव्हता. गुरं राखत हिंडणाऱ्या त्या जुन्या लोकांना कसली आलीय परीक्षा? पण विचारणं होतं, वर्ष होतं, दुसरं होतं आणि बसणं होतं. पदर सावरून मी दारात उभी राहिले. 'दुसऱ्या वर्षी, जिथे विचारतात तिथे, मी बसते,' एवढं मला म्हणायचं होतं. भीतीनं शेवटच्या 'बसते'ला 'सेदो' म्हणून गेले. सासऱ्यांची भुवई वर गेली. दोन स्वरांमधला द! "सेओ," मी सुधारलं.

त्यांनी पेपराची घडी केली. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी मान वर केली, भिंतीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "पहिल्या वर्षी मार्क किती होते तुले?"

आतून सासूबाई धावत आल्या. "अवो! तुम्ही तिच्यासंगं बोलून राहिले?"

"मंग कोणासंगं बोलू? परीक्षेले ती बसणार हाय. तू बसतं का?"

मी मार्क सांगितले. मराठीत सांगितले, आणि सांगतानाच रडू फुटलं. वर्ष होत आलं होतं त्या घरात, आणि मी त्यांच्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलत होते. "चांगले हायेत," ते म्हणाले. "पोळ्यांचं पाहू आम्ही."

मी बसले आणि पासही झाले. ती भाषा मात्र त्यानंतर घरात कुणी बोललं नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. ते होते तोवर आम्ही सासरा-सून मराठीत पोटभर भांडलो.