बेद्रोसचा जनरेटर आणि वज्दीचा गळा

वज्दी शाहीन बैरुतच्या दौरा भागातल्या चौकात मेहुण्याच्या दुकानात चष्म्याच्या काचा घासतो. नवा चष्मा नाकावर बसवून तो गिऱ्हाइकाला विचारतो, "कानामागे टोचत नाही ना?" आणि गिऱ्हाईक दचकतं. माणूस सडपातळ, बोटं नाजूक, आणि आवाज मात्र फरशीवरून लोखंडी कपाट ओढावं तसला. एका म्हातारीनं तर विचारलं होतं, "बाळा, आजारी आहेस का?"

आजारी नव्हता. तो आवाज त्यानं कमावला होता, बारा वर्षं खपून. त्या कमाईत माझाही हात होता, हे मला गेल्या गुरुवारी कळलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

मी आराक्सी. बुर्ज हम्मूदला आमच्या बाबांचं तळघरात दुकान होतं, टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं. रेडिओवाल्यांनी काढून टाकलेलं एक मोठं टेपमशीन बाबांनी उचलून आणलं आणि दोन वर्षं खपून जिवंत केलं. त्यावर कुणी रेकॉर्डिंग करावं म्हणून मी हात धुऊन मागे लागले होते. आणि एके दिवशी जिन्यावरून वज्दी उतरला. वय बावीस, खांद्यावर गिटार, मागे तीन मित्र. 'बल्कोन' नावाचा बँड. पाठीशी कंपनीबिंपनी कुणी नाही, खिशात दमडी नाही आणि गाणी मात्र दहा तयार.

"बाई, तुमच्याकडे मशीन आहे म्हणे?"

"बाई कुणाला म्हणतोस रे? तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठी आहे मी."

तेव्हापासून मी त्याची आरा.

रॉक वाजवायचे, पण आदळआपट नाही. चाल गोड, गुणगुणता येईल अशी. गिटारच्या तारा ते वज्दीच्या मामाच्या औदावर, म्हणजे जुन्या अरबी तंतुवाद्यावर, जुळवून लावायचे. औद आज वर, उद्या खाली, हवामान असेल तसा. म्हणजे नेमका सूर कुठला, याची आमच्यात कुणालाच फिकीर नव्हती. ऑगस्टचा महिना. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद, खिडकी उघडी, सगळे घामानं निथळलेले. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी दुपारची चर्चची घंटा आत शिरली. मी म्हटलं, पुन्हा घेऊ. वज्दी म्हणाला, "राहू दे गं. गल्लीत राहतो, घंटा येणारच."

आता विजेचं सांगते, कारण सगळी माती तिथंच झाली. सरकारी वीज सकाळी तीन तास यायची. बाकीचा दिवस बेद्रोसचा जनरेटर. बेद्रोस म्हणजे आमच्या गल्लीचा राजाच. त्यानं खटका खाली केला की अर्धा मोहल्ला अंधारात. रेकॉर्डिंग दुपारी व्हायचं, म्हणजे जनरेटरवर. पण टेपवरून कॉम्प्युटरवर गाणं उतरवायचं ते फक्त सकाळी, सरकारी विजेवर. हा बाबांचा नियम. "जनरेटरची वीज मळकट असते. उतरवणं स्वच्छ विजेवर करायचं," असं ते म्हणायचे आणि मी मान डोलवायचे. आमच्या धंद्यात सगळेच तसं करायचे.

तर एका सकाळी सात वाजता आम्ही पहिलं गाणं उतरवून ऐकलं आणि आ वासून एकमेकांकडे बघत राहिलो.

आवाज वज्दीचाच होता, पण वज्दीचा नव्हताही. खोल, जड, सावकाश. जणू चाळिशी ओलांडलेला माणूस सगळं भोगून गातोय. ड्रमसुद्धा दमदार झाला होता. वज्दीच्या हातातला मनकूशे रोटीचा तुकडा तसाच राहिला.

"हा मी आहे?"

"मग काय मी आहे?" मी म्हटलं.

"आदल्या दिवशी ऐकलं तेव्हा असा नव्हता गं."

"आदल्या दिवशी तू घामाघूम होतास, कान तापले होते. मशीन आहे बाबा हे, जुनं मशीन! ते आवाजाला मांस चढवतं."

असं ठोकून दिलं मी. आणि स्वतःही त्यावर विश्वास ठेवला.

रेकॉर्ड बाहेर पडली आणि बैरुतमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी बल्कोन. लोक आवाजावर भाळले. वज्दीला रस्त्यात गाठून म्हणायचे, एवढ्याशा अंगात एवढा आवाज कुठून आणतोस? मंचावर गाताना गिटारी रेकॉर्डशी जुळेनात, तेव्हा आम्ही म्हटलं, रेकॉर्डिंगच्या वेळी औद उतरलेला असणार. गिटारी खाली उतरवल्या. गिटार उतरते हो, गळा कसा उतरणार? वज्दी खालच्या सुरात गायचा प्रयत्न करायचा आणि आवाज बसायचा.

दुसरी रेकॉर्ड अश्रफियेच्या चकाचक स्टुडिओत, कॉम्प्युटरवर केली. आवाज आला हलका, स्वच्छ, पातळ. लोकांनी धुऊन काढलं. "गाणारा कुठे गेला? त्याचा धाकटा भाऊ आणलात का?" वज्दी महिनाभर घराबाहेर पडला नाही. मग एक दिवस माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आरा, तो आवाज माझ्यात आहे. एकदा निघाला म्हणजे आहेच. मी आळशी झालोय, बाकी काही नाही."

तिथून सुरू झालं. कधी सिगारेटला हात न लावणारा माणूस दिवसाला दोन पाकिटं ओढायला लागला. गळा जाड होतो म्हणे. सकाळी उठून उशीत तोंड खुपसून ओरडायचं, हे कुणा दीडशहाण्या गुरुजींनी शिकवलेलं. थंडीत बर्फ घातलेली अरक दारू. त्याची बायको समर माझ्याशी भांडायला आली होती. "तुम्ही बँडवाले माझ्या नवऱ्याला मारून टाकणार आहात!" मी उलट तिलाच सुनावलं, "कलाकाराशी लग्न केलंस ना? मग सोस." देवा, काय बोलून गेले मी!

तिसऱ्या रेकॉर्डमध्ये आवाज घोगरा झाला. लोक म्हणाले, जवळ आलाय. चौथीत फाटला. गिटारी आणखी खाली, चाल आणखी सावकाश, गोडवा गेला आणि गुरगुर आली. पेपरात कुणीतरी लिहिलं की बल्कोनचा आवाज प्रगल्भ होत चाललाय. प्रगल्भ! मी समोर बसून रेकॉर्ड करत होते. मला दिसत होतं की दोन कडव्यांच्या मध्ये हा माणूस बेसिनमध्ये थुंकतोय आणि थुंकीत लाल रेघ आहे. मी बघितलं आणि गप्प बसले. कारण मलाही तोच आवाज हवा होता.

यंदा डॉक्टरनं सांगितलं, स्वरतंतूवर गाठ आहे, आठ दिवसांत काढू. त्याआधी खालच्या सुरात ओरडून गायलास तर गाणं सोड, बोलणंही जाईल. वज्दी म्हणाला, दहाव्या दिवशी येतो. कारण शनिवारी आमचं रेकॉर्डिंग ठरलं होतं. पहिली रेकॉर्ड नव्यानं काढायची, सोबत दोन नवी गाणी, त्याच तळघरात, त्याच मशीनवर.

"एकदा, आरा. एकदा तो आवाज परत लागला की मग डॉक्टरला गळा काय, मान कापू दे."

मी 'नको' म्हटलं. हळू म्हटलं. माझ्यासारखी भांडखोर बाई, जी भाजीवाल्याशीसुद्धा गल्ली ऐकेल असं भांडते, ती तिथं हळू बोलली.

बाबा गेल्यापासून तळघर बंद होतं. माझा स्टुडिओ आता अंतेलियासला. गुरुवारी मी कुलूप उघडलं, मशीन पुसलं, छतावरच्या सोलरच्या स्वच्छ विजेवर लावलं आणि जुन्या टेपा तपासायला बसले. खिडकी उघडी. तिसरं गाणं संपत आलं, टेपवरची घंटा वाजली. ठण्ण. आणि त्याच क्षणी बाहेर बाराची घंटा वाजली.

दोन्ही घंटा एकमेकींशी भांडत होत्या. टेपवरची खाली, बाहेरची वर. गिटारवरच्या चांगल्या दीड घराएवढी वर.

पहिला विचार आला, घंटा बदलली असणार. तशीच धावत चर्चमध्ये गेले. घंटा वाजवणारा म्हातारा अजून दोर गुंडाळत होता.

"ही घंटा नवी कधी बसवली?"

"नवी?" त्याला राग आला. "माझ्या आजानं ही घंटा वर चढवलीय! तुझं डोकं फिरलंय का उन्हानं?"

घंटा तीच. मग खोटं कोण? टेप. टेप सावकाश वाजत होती. म्हणजे भरताना ती जलद धावली होती. मशीनची मोटर विजेच्या चालीवर फिरते, एवढं तर बाबांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. वीज जलद आली की टेप जलद धावते. जलद भरलेली टेप ठीक चालीच्या विजेवर वाजवली की गाणं रेंगाळतं आणि आवाज खाली बसून जाड होतो. मी बेद्रोसअम्मोच्या, म्हणजे बेद्रोसकाकांच्या, घरी गेले. ते बनियनवर बसून भोपळ्याच्या बिया सोलत होते.

"अम्मो, बारा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात जनरेटर किती चालीवर होता?"

"हे काय विचारणं झालं, पोरी?"

"आठवा ना! सरकारी वीज पन्नास हर्ट्झवर चालते. तुमचा काटा कुठं असायचा?"

"बारा वर्षं... तेव्हा तो निळा जनरेटर होता ना, मेला दमेकरी! हरांत कसायानं दुकानात दोन नवे फ्रीज घेतले होते. ते सुरू झाले की माझा जनरेटर बसायचा. मग मी स्क्रू पिळून ठेवला, पंचावन्नवर. म्हटलं, ताण आला तर थोडा खाली येईल, पण बंद पडणार नाही."

"पण तो खाली यायचाच कुठे? दुपारी तर हरांत मांस संपवून, फ्रीज बंद करून जायचा!"

"मग राहत असेल पंचावन्नवर. बल्ब जळले का कुणाचे? कुणी तक्रार केली का? बारा वर्षांनी येऊन मला जाब विचारतेस?"

मी पायरीवरच बसले. ज्या आवाजासाठी बैरुत वेडं झालं, तो कसायाच्या दोन फ्रिजांमुळे आलेला होता. आम्ही दुपारी जनरेटरवर भरायचो, लगेच ऐकायचो तेव्हाही जनरेटरच, म्हणून सगळं ठीक वाटायचं. आणि सकाळी बाबांच्या नियमाप्रमाणे स्वच्छ विजेवर उतरवायचो. स्वच्छ! वज्दीच्या गळ्यात तो आवाज कधी नव्हताच. एक दिवससुद्धा नव्हता. बेद्रोसअम्मो आतून पाणी घेऊन आले, "काय झालं गं, कुणी गेलं का?"

शुक्रवारी दुपारी दुकान बंद करून वज्दी तळघरात आला. मी त्याला सगळं सांगितलं. घंटा, काटा, हरांतचे फ्रीज. तो मध्येच हसला. "थट्टा करतेस."

"मी तुझी थट्टा करीन? आज?"

त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग तो एकदम उसळला. "म्हणजे बारा वर्षं मी कशाच्या मागे लागलो होतो? एका स्क्रूच्या?" खुर्ची लाथेनं उडवली. आवाज फुटला, खोकला आला, भिंतीला धरून खोकत राहिला. मी धरायला गेले तर हात झटकला.

"लाव," तो म्हणाला. "जसं होतं तसं लाव."

मी कॉम्प्युटरवर तिसऱ्या गाण्याची चाल तेवढीच वाढवून ठेवली होती. लावलं.

काय सांगू! आवाज वर उडाला. बावीस वर्षांचा, निर्मळ, कुठेही न अडखळणारा, शब्दाच्या टोकाला किंचित थरथरणारा. गाणंसुद्धा बदललं, जे आम्ही बारा वर्षं दुःखाचं समजत होतो, ते चक्क आनंदाचं निघालं. तो मुलगा मजेत गात होता. शेवटी घंटा वाजली, तीही आता बरोबर, चर्चमध्ये वाजते तशीच.

वज्दीनं दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. दुसऱ्या कडव्याला त्यानं तोंड उघडलं आणि त्या आवाजाबरोबर गाऊ लागला. तिथवर त्याचा गळा पोचलाच नाही. नुसती हवा आली. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि पुन्हा नुसती हवा. मी म्हटलं, "बस कर, वज्दी, तुझ्या पाया पडते." त्यानं तोंड मिटलं.

रेकॉर्डिंग मी रद्द केलं, डॉक्टरला माझ्यासमोर फोन करायला लावला. सोमवारची वेळ मिळाली. त्यानं काही हुज्जत घातली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

निघताना जिन्याशी थांबून त्यानं विचारलं, "आरा, तेव्हा रोज दुपारी मी इथं असाच गायचो ना?"

"असाच."

"आणि तुम्ही सगळे समोर बसून ऐकत होता?"

"रोज ऐकत होतो."

"मग एकदा तरी कुणी म्हणालं का नाही, की हा आवाज चांगला आहे म्हणून?"

मी म्हटलं, "आम्हाला तो दुसरा जास्त आवडला, वज्दी." आणि मी मशीनचा खटका बंद केला.