इठोबाचा इ

कोपरगावच्या स्थानकावर सकाळच्या नगर गाडीत मी खिडकीपाशी बसलो आणि गंगूमावशींनी भाकरीचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. काम दुपारच्या आत उरकणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. नगरमधल्या एका बागेत सैनिकांचं स्मारक आहे. त्याची झिजलेली पाटी काढून काळ्या दगडाची नवी बसवायची होती आणि नातेवाइकांनी येऊन नावं तपासावीत, असा निरोप आला होता. गंगूमावशी म्हणजे माझ्या बायकोची मावशी. त्यांचा थोरला भाऊ ऐन तरुणपणी लढाईत गेला. मावशींना अक्षरओळख नाही आणि मी साताऱ्याच्या छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासलेली. माझ्याहून लायक माणूस त्यांना कुठून मिळणार होता?

"जावईबापू, दगडावर चुकलं तर कायमचंच चुकंल," मावशी म्हणाल्या. "तुमी हाय म्हनून मला घोर न्हाई."

मीही ऐटीत मान डोलावली.

राहुरीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आणि पुढे उसाच्या ट्रॉल्या. आमचा चालक हॉर्न वाजवून थकला. राहुरीला शिंगणापूरचे भाविक उतरले, गाडी निम्मी रिकामी झाली. मग हळूहळू हिरवं मागे पडलं, उघडे माळ लागले आणि नागापूरच्या कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड दिसू लागल्या. गाडीच्या पाटीवर अहिल्यानगर होतं, वाहक मात्र "चला नगर, नगर!" असंच ओरडत होता. तारकपूरला तो म्हणाला, "बागेला जायचंय ना? इथंच उतरा." मी त्याला सुनावलं, "आम्हाला माळीवाडा. मी चौकशी करून आलोय." माळीवाड्याला उतरल्यावर कळलं, बाग तारकपूरहूनच जवळ. रिक्षानं उलटं यावं लागलं. मावशी पदराआड हसल्या.

बाग मोठी झकास. कडुनिंबाची गार सावली, चौथऱ्यावर एक जुना रणगाडा आणि त्याच्याच सावलीत अभ्यास करत बसलेल्या कॉलेजच्या दोन मुली. पलीकडे स्मारक. नवा दगड उभा केलेला होता, कारागीर त्यावर खडूनं रेघा आखत होता. शेजारी टेबल टाकून एक निवृत्त सुभेदार यादी घेऊन बसले होते. पांढऱ्या मिशा, ताठ कणा, बोलणं मोजकं.

"नाव बघा. बरोबर असेल तर आजींचा अंगठा घ्या," त्यांनी यादी माझ्यापुढे सरकवली.

मी चष्मा लावला आणि चूक लगेच सापडली. 'शिपाई इठोबा रंगनाथ.' मला बरंच वाटलं. आलो नसतो तर हा इ कायमचा दगडात बसला असता! खिशातलं लाल पेन काढलं, इ खोडला, वर ठसठशीत 'वि' लिहिला. मावशींनी माझ्यावर भरवसा टाकून अंगठा उठवला. सुभेदारांनी कागद कारागिराकडे दिला.

आम्ही कडुनिंबाखाली गाठोडं सोडलं. बाजरीची भाकरी, म्हाद्या (दाण्याच्या कुटाची झणझणीत, घट्ट भाजी) आणि फोडलेला कांदा. दोन घास खाल्ल्यावर मावशी म्हणाल्या, "काय लिव्हलंय ते वाचून तर दावा."

"शिपाई विठोबा रंगनाथ," मी खणखणीत आवाजात म्हटलं.

मावशींचा घास हातातच राहिला. "ह्यो कोन?"

"तुमचे दादा. तिथं इठोबा लिहिलं होतं, मी दुरुस्त केलं."

"दुरुस्त?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आवो, भरतीला आमी समदीच आल्तो नगरला. मी एवढीशी हुते. सायबानं इचारलं, नाव काय? दादा म्हनला, इठोबा. सायब म्हनला, विठोबा? दादा आनखी मोठ्यानं, इठोबा! रांगंतली समदी हसली. सायबानं मान हलवली अन् तसंच लिव्हलं." त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "दादाचा फोटू हाय माझ्यापाशी. आवाज न्हाई ना. त्याच्या तोंडचं तेवढं एकच राह्यलंय."

मला माझीच लाज वाटली. तेवढ्यात छन्नीवर हातोडी पडल्याचा आवाज आला आणि मी भाकरी टाकून धावलो. साठी उलटल्यावर असा कधी धावलो नव्हतो. वाटेत चप्पल निसटली, ती तशीच राहिली.

"थांबा! तो वि कोरू नका!"

कारागिरानं हात थांबवला. तो आधीचं नाव संपवत होता. आमचं नाव खाली, अजून खडूतच होतं. "बरं झालं आलात काका," तो म्हणाला. "खडू पुसता येतो. दगुड न्हाई."

सुभेदार मात्र उठले. "तुम्हीच खोडलंत, आता तुम्हीच परत म्हणता. उद्या कोणी विचारलं, शुद्धलेखन का चुकलं, तर? लिहून द्या."

आम्हा छापखान्यातल्यांचा एक शेरा असतो. चुकून खोडलेला मजकूर वाचवायचा तर समासात लिहायचं, 'आहे तसे ठेवा'. चौतीस वर्षांत तो मी क्वचितच लिहिला होता. माझं खोडलेलं चुकत नाही, अशी माझी समजूत होती. मी लिहिलं, 'इठोबा. आहे तसेच ठेवावे.' खाली पूर्ण सही केली. मावशींनी पुन्हा अंगठा दिला. सुभेदारांनी कागद वाचला, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "माझंही नाव पलटणीत बाबूच होतं, आजी. शाळेत बाबुराव."

इ कोरून होईपर्यंत मावशी दगडापुढून हलल्या नाहीत. धूळ फुंकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यातला इ कंचा?" मी त्यांचं बोट धरून त्या वळणांवर फिरवलं. दुसऱ्या वेळी त्यांनी माझा हात बाजूला केला आणि एकटीनं गिरवलं. मग मोठ्यानं, घरातल्या माणसाला बोलवावं तशी हाक मारली, "इठोबा!" अभ्यास करणाऱ्या मुलींनी वर पाहिलं.

परतीच्या गाडीत मावशी निवांत झोपल्या. मी जागाच होतो. जन्मभर हजारो शब्द मी शुद्ध केले आणि त्याचा अभिमान बाळगला. त्यातले किती कोणाच्या तोंडचे होते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.