पेटीवाले चाचा आणि तळ्यातला दगड

चाचा कुठलीही वस्तू आधी हुंगत. नवी वही, चहाचा कप, माझ्या हातातला दगडसुद्धा. मूळचे सुतार. सिरोंचाजवळच्या आमच्या ड्रिलिंग कॅम्पवर ते जमिनीतून निघणारे दगडाचे लांब दांडके, म्हणजे कोअर, ठेवायला लाकडी पेट्या बनवत. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरहून भूशास्त्र शिकून नुकतीच आले होते आणि बऱ्यापैकी तोऱ्यात होते.

तो तोरा चाचांच्या प्रश्नांपुढे टिकत नसे. कोअरमधले कागदासारखे पातळ थर, एक फिका एक काळा, पाहून त्यांनी विचारलं, "बाई, हे असं काऊन?" मी सांगितलं, इथे फार पूर्वी तळं होतं. तळाशी गाळ बसत गेला, त्यात शेवाळ गाडलं गेलं, त्याचं तेल होऊ शकतं. पण दगड इतका घट्ट की झालेलं तेल वाहतच नाही, आतच अडकतं. चाचांनी कोअरवर पाण्याचा थेंब ठेवला आणि चहा संपेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले. "दगड थेंब पिऊन नाई राह्यला. मंग आतलं तेल तरी कसं निंघन?"

एके दिवशी कोअरला तेलाचा वास आला. कॅम्पभर आनंदीआनंद! आता दुसरं बोअर मंजूर होणार, म्हणजे चाचांना वर्षभर पेट्यांचं काम आणि मला पहिलाच शोध. चाचांनी हुंगलं आणि हातोडी माझ्यापुढे धरली.

"बाई, फोडा. लाकूडबी कापल्यावरच खरं सांगते."

फोडलं. आत वासाचा पत्ता नव्हता. बाहेर लागलं होतं ते आमच्याच मशीनमधून गळलेलं डिझेल.

"चाचा, तुमचं काम जाईल हो!"

"जाते तं जाऊ द्या. खोटा माल पेटीत कसा भरू?"

मी अहवालात खरं तेच लिहिलं आणि महिन्याभरात कॅम्प उठला. खोटं कशाला सांगू, मला त्यांचा रागच आला होता. निघताना त्यांनी उरल्यासुरल्या सागवानाची तळहाताएवढी पेटी माझ्या हातात ठेवली. आत त्याच दगडाचे दोन तुकडे होते. "तेल नाई निंघालं, पन तळं तं होतं ना, बाई?" ते म्हणाले.

आता हाताखालच्या मुली तेल लागलं म्हणून धावत आल्या की मी म्हणते, आधी फोडा. तेव्हा चाचांची फार आठवण येते. त्यांना पुढे दुसरं काम मिळालं का, हे मी कधी विचारलंच नाही.